सूप वाजल्यानंतरचे मुद्दे

अधिवेशनाचे सूप वाजले की काही दिवसांत आमदारांच्या कामाची पुस्तिका घरी येते. किती तारांकित प्रश्न विचारले, किती लक्षवेधी मांडल्या, कोणत्या विधेयकावर बोलले, कोणत्या मंत्र्यांना निवेदन दिले, सगळे छायाचित्रांसह. सातारा जिल्ह्यातून आठ आणि सांगलीतून आठ असे आपले सोळा आमदार विधानसभेत बसतात. फौजेत गेलेला किंवा मुंबईत पाठीवर पोती वाहिलेला माणूस नाही असे गाव या दोन जिल्ह्यांत शोधावे लागेल. म्हणून पुस्तिका हातात आली की मी ‘माजी सैनिक’ आणि ‘कामगार’ हे शब्द आधी शोधतो. ते सापडतात. त्यांच्यापुढे जे असायला हवे ते सापडत नाही, म्हणून हे मुद्दे.

1. कामगारासाठी कायदा कसा करायचा, हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नाही. पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील पोटासाठी मुंबईला गेले आणि तिथल्या हमालांचे पुढारी झाले. त्या हमालांना मालक नव्हते असे नाही, उलट पुष्कळ होते. सकाळी एकाच्या गाळ्यावर, दुपारी दुसऱ्याच्या, संध्याकाळी तिसऱ्याचा ट्रक. त्यामुळे ‘हा माझा कामगार’ असे म्हणायला कुणीच पुढे येत नसे. आजारी पडला, पाठ गेली, तर गावाकडची एसटी धरायची. 1969 च्या माथाडी कायद्याने हा पेच सोडवला. व्यापारी आणि टोळी यांच्यामध्ये मंडळ उभे राहिले, ज्याला आपली माणसे ‘बोर्ड’ म्हणतात. मजुरी बोर्डात भरायची, तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरायची आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, दवाखाना. मालक बदलला तरी बोर्ड बदलत नाही. पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगराकडच्या गावांत दोन पक्क्या खोल्या दिसल्या की विचारून बघा, ‘बोर्डाच्या फंडातनं बांधल्या’ असे उत्तर कितीतरी घरांत मिळेल. हा कायदा झाला तेव्हा अण्णासाहेब सभागृहात नव्हते, विधान परिषदेवर ते पुढे गेले. रेटा रस्त्यावरचा होता. पण त्यातून निघाला तो कायदा, आश्वासन नव्हे. त्यात पैसा कुठून येणार आणि तो कुणाच्या हाती राहणार, हे दोन्ही लिहिलेले होते.

2. दुसरा धडा सांगलीचा. वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. 1960 पासून 1978 पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापती वादात उतरत नाही, मागण्या करत नाही. तरीही देशातला सर्वांत धाडसी मजूर कायदा त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोक्यातून आला. हाताला काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचे, ही ती कल्पना. तासगाव तालुक्यात 1969 मध्ये तिचा प्रयोग झाला आणि 1 मे 1972 रोजी ती राज्यभर जाहीर झाली. 1977 मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता. म्हणजे खोदाईवरची बाई दान मागत नव्हती, तिचा हक्क होता. माण-खटाव, जत, आटपाडीकडच्या जुन्या माणसांना विचारा, कोणता पाझर तलाव रोहयोतला, कोणता रस्ता रोहयोतला, ते बोट करून दाखवतात.

आणि पैसा? ज्यांना नियमित पगार आहे त्यांनी आपली जुनी पगारपत्रके काढून बघावीत. दर महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500 रुपये ‘व्यवसाय कर’ म्हणून कापलेले दिसतील. हा कर 1975 च्या कायद्याने आला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदाराने गावाकडच्या मजुराच्या कामाचा भार थोडा उचलायचा, हे सभागृहाने ठरवले आणि पगारदारांनी ते मानले. माझ्या मते महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केलेल्या कामांत याहून मोठे काम फार थोडे आहे.

3. वरच्या दोन्ही कायद्यांच्या मागे वर्षानुवर्षांचे काम होते. आता अखेरच्या दिवसांत एकामागून एक विधेयके घाईने मंजूर होतात. कामगारांच्या बाबतीत हे चालणार नाही. माथाडी कायद्यात बदल करणारे विधेयक 2023 मध्ये आले तेव्हा माथाडी संघटना त्याच्या विरोधात उभ्या राहिल्या. माथाडी म्हणून कुणाला धरायचे, ही व्याख्या बदलली की हजारो घरांचा फंड बदलतो. असे विधेयक कलमवार चर्चेला आले पाहिजे आणि त्याआधी सोप्या मराठीतला मसुदा टोळीच्या मुकादमापर्यंत पोचला पाहिजे.

4. आता माजी सैनिक. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 मध्ये साताऱ्यातच निघाली. असा हा मुलूख. इथल्या शिपायाला निवृत्तीनंतर राज्याकडून जे मिळते त्यातले बहुतेक शासन निर्णयावर चालते, म्हणजे जीआरवर. जीआर एका सहीने निघतो आणि एका सहीने बदलतो.

माझ्या चुलत्यांचे, आप्पांचे सांगतो. मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षे काढून ते घरी आले. 2020 मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ करण्याचा शासनाचा निर्णय झाला, तेव्हा आप्पांनी एका प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घातले. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, ओळखपत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला. ग्रामपंचायतीत सांगितले, ‘वरून लेखी आल्याशिवाय करता येत नाही.’ वरून लेखी आलेलेच होते, त्याची प्रत आप्पांनीच नेऊन दिली. मग सांगितले, ‘मासिक सभेत ठेवू.’ तीन सभा झाल्या. आप्पा घरी येऊन पिशवी खुंटीला अडकवायचे आणि म्हणायचे, ‘पैशाचं न्हवं रं, सांगायचं तरी एकदा, हो का न्हाई.’ रागाचा शब्द नाही. मला राग येतो तो त्यामुळेच. ग्रामपंचायतीचीही अडचण खोटी नव्हती. माफी वरून जाहीर झाली, पण बुडालेली घरपट्टी भरून कोण देणार? दिवाबत्ती आणि पाण्याचा खर्च त्याच पैशातून निघतो. ज्या गावात घरटी फौजी, त्या गावाचेच उत्पन्न सर्वांत जास्त घटणार. देशासाठी ज्याने अधिक दिले त्या गावाने पुन्हा अधिक द्यायचे, हे कोणत्या न्यायाने? म्हणून मागणी अशी की माजी सैनिकांच्या सवलती एका कायद्यात आणा, त्या कायद्यात ग्रामपंचायतीला भरपाईची तरतूद करा आणि अर्ज निकाली काढायला मुदत घाला. पागेंनी पंधरा दिवस लिहून घेतले होते, तसेच.

सैनिकांच्या विधवांचे हाल तर वेगळेच. पलटणीच्या कागदात माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, जन्मतारीख तिसरीच. हे जुळवण्यासाठी सत्तर वर्षांच्या बाईने किती वेळा तालुक्याला यायचे? पलटणीची नोंद बदलणे राज्याच्या हातात नाही, पण तोवर राज्याची सवलत अडवून धरू नये, एवढे कलम तरी राज्य घालू शकते.

5. चार वर्षांसाठी फौजेत भरती झालेले अग्निवीर. हा मुद्दा सोळाही आमदारांनी सर्वांत वर घ्यायला हवा, कारण वेळ उरलेला नाही. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी 2023 मध्ये सुरू झाले, म्हणजे चार वर्षे 2027 च्या तोंडावर भरतात. त्यांतले जास्तीत जास्त 25 टक्के फौजेत राहतील, बाकीची मुले पंचविशीच्या आत-बाहेर घरी येतील. त्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही. राज्याच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना जे 15 टक्के समांतर आरक्षण आहे, त्याच्या दाराशी हा मुलगा उभा राहील तेव्हा त्याला काय सांगणार? पहाटे चारला डांबरी रस्त्यावर पळणारी पोरे आपण रोज बघतो. माजी सैनिक कुणाला म्हणायचे, ही व्याख्या आधी ठरवा. आताच्या माजी सैनिकांच्या वाट्याला हात न लावता अग्निवीरांसाठी वेगळा वाटा ठेवा, असे माझे मत आहे. कुणाचे याहून चांगले असेल तर त्यांनी सभागृहात मांडावे, पण मांडावे.

6. ऊसतोड मजूर आपले मतदार नाहीत, बहुतेक बीडकडचे असतात. पण कराड, वाळवा, पलूसचा ऊस त्यांच्याच कोयत्याने तुटतो आणि आपल्या कारखान्यांची धुराडी त्यावर पेटतात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे, टनामागे कारखान्याचे दहा रुपये आणि शासनाचे दहा रुपये अशी तजवीज आहे. पण नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचल मुकादमाकडून येते, आणि मजूर नेमका कुणाचा हा माथाडींचाच जुना प्रश्न इथे उघडा राहतो. त्यावरचे उत्तर पाटणच्या माणसाने मिळवून ठेवले आहे. बोर्ड, नोंदणी, लेव्ही. साखरपट्ट्यातल्या आमदारांनी हे अशासकीय विधेयक म्हणून तरी मांडावे.

7. विधेयक मंजूर झाले की काम अर्धे झाले. राज्यपालांची संमती, राजपत्र, नियम, अंदाजपत्रकात रक्कम, मग कुठे अर्जाचा नमुना हातात येतो. रोजगार हमीच्या कायद्यालाही 1977 पासून 1979 पर्यंत थांबावे लागले. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे. म्हणून पुढच्या पुस्तिकेत छायाचित्रे थोडी कमी चालतील. त्या जागी प्रत्येक विधेयकापुढे आणि आश्वासनापुढे ते आज कोणत्या टेबलावर आहे आणि नियम कधी निघाले, हे छापा.

आप्पांची पिशवी अजून खुंटीला आहे. येत्या ग्रामसभेला ती घेऊन मी त्यांच्याबरोबर जाणार आहे, आणि तिथे जे ठरेल त्याची ठरावाची नक्कल आमच्या आमदारांना हातोहात देणार आहे.