पडदा आता आपल्याच वाडीत बांधावा लागेल

आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' महाराष्ट्राला पाठ आहे. कोकणाला तर जास्तच, कारण ती गोष्टच कोकणातली. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट म्हणून त्याचे कौतुक पिढ्यान् पिढ्या चालू आहे, आणि ते व्हावे यात आमची काही तक्रार नाही. पण त्याच अत्र्यांनी लगेच १९५४ मध्ये 'महात्मा फुले' काढला. त्याच्या मुहूर्ताला खुद्द बाबासाहेब हजर होते. जोतिरावांच्या भूमिकेत बाबूराव पेंढारकर, सावित्रीमाईंच्या भूमिकेत सुलोचनाबाई. मराठी चित्रपटासाठीचे राष्ट्रपतींचे रौप्यपदकही त्याला मिळाले. निर्माता-दिग्दर्शक तोच, काळ तोच. मग एक चित्रपट घराघरांत गेला आणि दुसऱ्याचे नाव आज आपल्या मुलांना सांगावे लागते, याचे कारण चित्रपटकलेत शोधून सापडणार नाही. ते व्यवस्थेत शोधावे लागेल. २०२५ साली हिंदी 'फुले' ११ एप्रिलला, म्हणजे जोतिरावांच्या जयंतीला, येणार होता. ब्राह्मण संघटनांची ओरड झाली, सेन्सॉर बोर्डाने जातींची नावे आणि पेशवाईचे उल्लेख काढायला लावले, आणि चित्रपट २५ एप्रिलवर गेला. सत्तर वर्षांत एवढाच फरक पडला!

बंदी घातली तर निदान भांडता येते. हुकूम असतो, त्यावर सही असते, त्याला न्यायालयात आव्हान देता येते. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'ओरे ओरु ग्रामत्तिले' या तमिळ चित्रपटाचे प्रमाणपत्र कायम ठेवले. तो चित्रपट आरक्षणावर टीका करणारा होता. त्याची भूमिका आपल्याला पटणारी नव्हती आणि आजही नाही. पण निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमक्यांना घाबरून अभिव्यक्तीचा हक्क दाबता येणार नाही, हे त्या निकालातले तत्त्व आम्ही वकील आजही उचलून धरतो, कारण उद्या तेच आपल्या कामी येणार आहे. आनंद पटवर्धन यांचा 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' दूरदर्शन दाखवत नव्हते. ते भांडण २००६ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चालले आणि पटवर्धन जिंकले. आपल्या बहुतेक चित्रपटांच्या वाट्याला मात्र बंदी येत नाही, मौन येते. थिएटर मिळत नाही, मिळाले तर दुपारी बाराचा खेळ मिळतो, आठवड्यात पोस्टर उतरते. या मौनावर कुणाची सही नसते. मग दाद कुणाविरुद्ध मागायची?

याचे सर्वात मोठे उदाहरण म्हणजे डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने तो काढला. पैसा केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचा आणि महाराष्ट्र शासनाचा. पटकथेत अरुण साधू, सुनी तारापोरवाला आणि 'बलुतं'कार दया पवार; दया पवार तर चित्रपट पूर्ण होण्याआधीच, १९९६ मध्ये, गेले. ममूटी यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इंग्रजीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि कला दिग्दर्शन हे पुरस्कारही त्याने घेतले. कोलंबिया विद्यापीठापासून दीक्षाभूमीपर्यंतचा प्रवास तीन तासांत मांडताना चित्रपट काही ठिकाणी घाई करतो, हे आम्ही मान्य करतो. पण पुणे कराराचा भाग पाहावा. मोहन गोखले यांचा गांधी खलनायक नाही, आणि ममूटींचे बाबासाहेब देवही नाहीत. एका माणसाच्या प्राणाच्या ओझ्याखाली कोट्यवधींच्या हक्काचा सौदा करावा लागला तो कसा, हे तिथे न ओरडता दिसते. आमच्या मते मराठी माणसाने काढलेल्या राजकीय चित्रपटांत याला तोड नाही.

असा चित्रपट २००० साली आला आणि गेला. तमिळनाडूत तर आलाच नाही. तमिळमध्ये डब झालेला असूनही तो पडून होता. शेवटी तिथल्या एका वकिलाने मद्रास उच्च न्यायालयात याचिका केली, न्यायालयाने महामंडळाला जाब विचारला, आणि डिसेंबर २०१० मध्ये चित्रपट तिथल्या थिएटरांत लागला. तिथल्या पुरोगामी लेखक-कार्यकर्त्यांनी तो लोकांपर्यंत नेला. बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात हे कुणाला सुचले नाही. पुतळ्यासाठी रस्त्यावर उतरणारे आम्ही, जनतेच्या पैशाने काढलेला चित्रपट जनतेला दाखवा, एवढे मागायला विसरलो.

दुसरा चित्रपट चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, २०१५ मध्ये ऑस्करसाठी भारताची निवड, सगळे झाले. तरी चळवळीतल्या किती जणांनी पाहिला? शाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप काय, तर त्यांच्या गाण्यामुळे एका गटार कामगाराने जीव दिला. त्या कामगाराची विधवा साक्षीला येते आणि सांगते, वास सहन होईना म्हणून तो दारू पिऊन गटारात उतरत असे. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. संरक्षणाची साधने? तिला ते शब्दच ठाऊक नाहीत. आम्ही कोर्टात उभे राहणारी माणसे. पडद्यावर कोर्ट दिसले की हसू येते, कारण तिथे सगळे ओरडत असतात. इथे कुणी ओरडत नाही. सरकारी वकीलबाई कायद्याची पाने एकसुरात वाचतात, न्यायाधीश पुढची तारीख देतात, उन्हाळ्याची सुट्टी लागते आणि म्हातारा शाहीर आतच राहतो. मालवण-कणकवलीच्या कोर्टाच्या पायऱ्या ज्यांनी झिजवल्या त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. शाहिराचे काम नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केले. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना नेले.

पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'विषयी इथे थोडक्यात. ११ जुलै १९९७ चा रमाबाई नगरचा गोळीबार, दहा बळी, त्यानंतर चारच दिवसांनी विलास घोगरे यांची आत्महत्या, आणि पुढची चौदा वर्षे. हा चित्रपट थिएटरची वाट पाहत बसला नाही. मुंबईच्या चाळींत, वस्त्यांत पडदे बांधून दाखवला गेला. आपल्याला हवी ती वाट हीच.

कारण सिंधुदुर्गात सिनेमागृहे आहेत किती? बोटांवर मोजावीत. शिवाय कोकण पडद्यावर येते ते चिरेबंदी घर, माड-पोफळी आणि निळा समुद्र घेऊन. गावाच्या टोकाची बौद्धवाडी त्या चौकटीत क्वचितच बसते. तीन तासांचा गंभीर चित्रपट आमचे लोक बसून पाहणार नाहीत, असे काही कार्यकर्तेच म्हणतात. हे आम्हाला पटत नाही. जत्रेत रात्रभर दशावतार पाहून उजाडल्यावर घरी जाणारा हा जिल्हा आहे. (त्या जत्रेत आपल्या आज्या-पणज्यांना कुठे बसावे लागे, तेही घरातल्या म्हाताऱ्यांना एकदा विचारावे.) मोबाइलवर सगळे मिळते, हा तरुणांचा दुसरा मुद्दा. मिळते खरे, पण तुकड्यातुकड्यांनी आणि एकट्याला. 'कोर्ट' पाहून झाल्यावर वाडीतल्या बायका काय बोलतील, ते मोबाइल ऐकवणार नाही.

तेव्हा प्रत्येक वाडीच्या मंडळाने आणि त्याच्या मुंबई शाखेने येत्या १४ एप्रिलच्या खर्चात डीजेच्या भिंतीऐवजी प्रोजेक्टर आणि एक पांढरा पडदा लिहावा. पावसाआधी चाकरमानी गावात असतात, तेव्हा विहाराच्या अंगणात एकेक रात्र ठेवावी. खासगी चित्रपटांच्या निर्मात्यांकडून रीतसर लेखी परवानगी घ्यावी. चोरीची प्रत लावू नये, विरोधकांना आयते निमित्त मिळते. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'साठी मात्र विनंती नको, मागणी हवी. फिल्म्स डिव्हिजन आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही आता चित्रपट विकास महामंडळातच विलीन झाले आहेत, म्हणजे पत्र एकाच दारी पाठवायचे आहे. हिंदी प्रत, विनामूल्य सार्वजनिक खेळांची परवानगी, आणि जिल्ह्यात दरवर्षी ठरलेल्या तारखांना सरकारी खर्चाने खेळ, एवढे त्यात मागावे. पोच जपून ठेवावी. उत्तर आले नाही तर मुंबई गाठायची गरज नाही; १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्याचे उच्च न्यायालय कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये बसते, आणि मद्रासचा दाखला आपल्या हाताशी आहे.