बॉयचे वय

चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ‘गर्ल’ म्हटले की ती मुलगीच असेल, असे धरून चालता येत नसे. त्या काळी हा शब्द पोर एवढ्याच अर्थाने चाले. मुलगा आहे हे मुद्दाम सांगायचे तर ‘नेव्ह गर्ल’ म्हणत. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये धर्मन्यायालयाचा एक लाचखाऊ शिपाई आहे. त्याच्या हद्दीतल्या ‘गर्ल्स’ त्याच्या मुठीत होत्या, असे चॉसर सांगतो, तेव्हा तिथली सगळी तरुण पोरे, मुलगे आणि मुली दोन्ही, असाच अर्थ अभ्यासक सहसा लावतात. आणि ‘बॉय’? बॉय म्हणजे तेव्हा नोकर, हरकाम्या. रागाने उच्चारला तर बदमाश. या शब्दाचे मूळ कुठले यावर कोशकारांचे अजून एकमत नाही. मात्र जुन्या लिखाणात तो माणसाचे वय सांगत नाही, त्याची पायरी सांगतो, हे स्पष्ट दिसते.

आपल्या शाळांत हे शब्द वयाच्या शिडीसारखे शिकवले जातात. खाली बेबी, मग चाइल्ड, मग टीनएजर, मग यूथ, वर अडल्ट. ‘किड’ हे चाइल्डचे घरगुती रूप आणि ‘लॅड’ हा बॉयचा विलायती भाऊ, असेही जाता जाता सांगून टाकतात. ही शिडी खोटी नाही, पण फार अलीकडची आहे. सहा-सातशे वर्षांचा पट पाहिला तर कोण कोणाच्या ताब्यात आहे आणि कोण कोणाची कामे करतो, हेच हे शब्द आधी सांगत होते. वयाची रेघ पुढे कायद्याने ओढली, त्यानंतर बाजाराने. जुना अर्थ तिच्याखाली दबला, पण मेला नाही.

जुन्या इंग्रजीत मुलग्याला ‘क्नाफा’ म्हणत आणि ‘क्निख्ट’ही म्हणत. दोन्ही शब्द मुलावरून नोकरावर सरकले आणि तिथून त्यांच्या वाटा फुटल्या. क्निख्ट सरदाराच्या पदरी शस्त्र घेऊन उभा राहिला, त्याचा ‘नाइट’ झाला. ब्रिटनचा राजा आजही ती पदवी देतो. क्नाफा घरकामातच राहिला. त्याचा ‘नेव्ह’ झाला, आधी सेवक आणि मग लबाड. पत्त्यांच्या कॅटात राजा-राणीखालच्या पानाला इंग्रज बराच काळ नेव्हच म्हणत. पानांच्या कोपऱ्यात अक्षरे छापायला लागल्यावर किंग आणि नेव्ह या दोघांची आद्याक्षरे एकमेकांत गोंधळू लागली, म्हणून ‘जॅक’ पुढे आला. त्याच पानाला आपण गुलाम म्हणतो, आणि गुलाम या अरबी शब्दाचा पहिला अर्थही पोरगा असाच आहे! लॅटिनमधला ‘पुएर’ आणि ग्रीकमधला ‘पाइस’ हे मुलालाही चालत, गुलामालाही. पॅरिसच्या कॅफेत वाढप्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘गार्सों’ अशीच हाक पडली. आपल्या हॉटेलांतला ‘पोऱ्या’ त्याच कुळातला. तेव्हा ही खोड एकट्या इंग्रजीची नव्हे.

इंग्लंडमध्ये मात्र तिला समाजरचनेचा भक्कम आधार होता. सामान्य घरांतली बरीच मुले मिसरूड फुटण्याच्या वयात घर सोडत आणि दुसऱ्याच्या शेतावर, स्वयंपाकघरात किंवा कारागिराच्या दुकानात राहायला जात. तिथे त्यांची पुढची कितीतरी वर्षे जात. १५६३ च्या कारागीर कायद्याने उमेदवारी किमान सात वर्षांची केली आणि ती चोविसाव्या वर्षाच्या आधी संपू नये अशी अट घातली. म्हणजे तेविशीतला, दाढी राखलेला गडी हा मालकाच्या घरचा पोरच. त्याला लग्न करायची मुभा नाही, स्वतःची चूल मांडायची मुभा नाही. अशा समाजात ‘बॉय’ हा शब्द नोकर आणि मुलगा या दोन अर्थांत लोंबकळत राहिला यात नवल नाही. ‘लॅड’चेही तेच. आज त्यात मैत्रीची ऊब आहे. सुरुवातीला तो हलक्या कुळातला सेवक होता. मुलींच्या शब्दांची घसरण आणखी खोल गेली. ‘मेड’ कुमारिकेची मोलकरीण झाली. ‘वेंच’ हे तर साधे मूल; ती आधी मुलगी झाली, मग मोलकरीण आणि शेवटी बदफैली बाई. एकटा ‘चाइल्ड’ काही काळ वर चढला. नाइट होण्याची वाट पाहणाऱ्या उमरावाच्या मुलाला ती उपाधी लागे, आणि बायरनने १८१२ मध्ये आपल्या ‘चाइल्ड हॅरल्ड’ला ती जाणूनबुजून जुन्या थाटात दिली.

फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी १९६० मध्ये अशाच पुराव्यांवर मोठी इमारत उभारली. मध्ययुगाला बालपण ही कल्पनाच नव्हती, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या इतिहासकारांनी ते बरेचसे खोडून काढले, आणि ते योग्यच झाले. मूल गेले म्हणून तेव्हाच्या आईबापांनी केलेला आकांत कागदोपत्री आहे, तेव्हाची खेळणी जमिनीखालून निघाली आहेत. नोकराला मुलाच्या नावाने हाक मारली म्हणून मुलाची ओळखच नव्हती, असे होत नाही. उलट मोठ्या माणसाला लहान ठेवायची सोय त्या हाकेत होती.

‘किड’ची गोष्ट वेगळी, आणि काळी. किड म्हणजे करडू, बकरीचे पिल्लू. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रस्त्यावरच्या बोलीत तो मुलासाठी येऊ लागला. पुढच्या शतकात अमेरिकेतल्या वसाहतींना राबणारे हात हवे होते. इंग्लंडच्या बंदरांतून मुले पळवून त्यांना जहाजावर चढवण्याचा धंदा उभा राहिला आणि त्या धंद्याने ‘किडनॅप’ हा शब्द दिला. आज इंग्रजीतला हा सगळ्यात लाडिक शब्द आहे, आणि त्याला चिकटलेले हे क्रियापद कुणाच्या कानाला खटकतही नाही.

कायद्याने या गोंधळात शिस्त आणली, पण ती स्वतःच्या सोयीची. इंग्रजी कायद्यात एकवीस वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती ‘इन्फंट’ असे. इन्फंट म्हणजे मुळात ज्याला बोलता येत नाही तो! वीस वर्षांचा पदवीधर करारापुरता तान्हा. १९६९ च्या कायद्याने ही मर्यादा अठरावर आणली आणि इन्फंटऐवजी ‘मायनर’ म्हटले तरी चालेल, अशी तरतूदही केली. हिंदुस्थानात अठराची रेघ त्याच इंग्रजांनी १८७५ च्या सज्ञानता कायद्याने, म्हणजे जवळजवळ शतकभर आधी ओढली होती, हे त्यातले गमतीचे.

गिरण्यांमध्ये ही रेघ थेट रोजीला भिडली. १८३३ च्या ब्रिटिश कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि तेरा ते अठरा वयाच्यांना ‘यंग पर्सन’ असे नवे नाव देऊन त्यांचे काम दिवसाला बारा तासांवर आणले. यंग पर्सन हा शब्द पुढे सभ्य घरांत सर्रास वापरला गेला. त्याला खरी धार आली ती या तासांच्या हिशेबातून. मुंबईच्या गिरण्यांना लागू झालेल्या १८८१ च्या कायद्यात ‘चाइल्ड’ बारा वर्षांपर्यंत होता. १८९१ च्या दुरुस्तीने तो चौदापर्यंत वाढला. पण त्याच १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदाही झाला. ज्यावरून त्याच्या बाजूचे सुधारक बेहरामजी मलबारी आणि विरोधातले टिळक समोरासमोर उभे ठाकले, तोच. त्याने संमतीचे वय दहावरून बारावर नेले. परिणाम असा की, मुंबईतली तेरा वर्षांची पोर मागाजवळ उभी असताना कायद्याच्या लेखी बालक होती आणि नवऱ्याच्या घरी गेल्यावर नव्हती. सरकार एकच, साल एक, मुलगीही एक. दोन्ही वेळा तिचे वय तिच्यासाठी कोणी मोजले नव्हते.

विसाव्या शतकात शास्त्र आले आणि पाठोपाठ बाजार. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये ‘अ‍ॅडोलेसन्स’ हा दोन खंडांचा ग्रंथ काढला आणि लॅटिन वळणाचा हा जुना शब्द शिक्षक-डॉक्टरांच्या तोंडी बसवला. मराठीने त्याला ‘पौगंडावस्था’ हा प्रतिशब्द दिला. संस्कृतातल्या जुन्या विभागणीत पौगंड पाच ते दहा वर्षांचा असतो, हे पारिभाषिक कोशाच्या समितीला बहुधा फार महत्त्वाचे वाटले नसावे. अ‍ॅडोलेसन्सला दवाखान्याचा वास आहे; घरात कोणी तो शब्द वापरत नाही. घरात आला तो ‘टीनएजर’. तेरा ते एकोणीस या इंग्रजी आकड्यांना एकच शेपूट आहे, त्यातून हा वर्ग आयता मिळाला. मराठीत अठरापर्यंत ठीक, पण एकोणीस आधीच विसाकडे तोंड करून बसलेला!

आकडे जुनेच होते. वर्ग नवा होता, कारण तो हायस्कूलने घडवला. १९०० च्या सुमारास अमेरिकेत शंभरातली सहा-सात मुलेच हायस्कूल पूर्ण करीत. १९४० पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर आले. महामंदीत मोठ्यांनाच काम नव्हते, १९३८ च्या कायद्याने बालमजुरीला लगाम बसला, आणि लाखो मुले कामावर न जाता एका छपराखाली समवयस्कांबरोबर दिवस काढू लागली. युद्धाने त्यांच्या खिशात पैसा आणला. सप्टेंबर १९४४ मध्ये ‘सेव्हन्टीन’ मासिकाचा पहिला अंक निघाला. पुढच्याच महिन्यात फ्रँक सिनात्राला ऐकायला न्यू यॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरबाहेर हजारो मुलींनी रस्ता अडवला. ब्रिटनमध्ये बाजार-संशोधक मार्क एब्रम्स यांनी १९५९ मध्ये या ग्राहकाचा अभ्यास छापला. त्यांची व्याख्या मोठी बोलकी आहे: पंधरा पूर्ण, पंचवीसच्या आत आणि अविवाहित. म्हणजे चोवीस वर्षांचा ब्रह्मचारी हाही टीनएजर. १५६३ च्या उमेदवाराचेच हे वय आणि हीच अट. फरक एवढाच की आता त्याच्या हातात पगार होता आणि मालकाच्या जागी रेकॉर्ड विकणारा दुकानदार होता.

आज एखाद्या सतरा वर्षांच्या मुलासाठी इंग्रजी वार्ताहरापुढे इतके शब्द असतात की निवड म्हणजेच निकाल ठरतो. गोळी लागली तर तो किड किंवा चाइल्ड. परीक्षेत चमकला तर टीनएजर. जमावात दगड मारताना दिसला तर यूथ. एकवचनी ‘यूथ’ हा जवळजवळ नेहमी मुलगाच आणि बहुधा संशयित असतो. अनेकवचनात मात्र तोच देशाचा आधारस्तंभ होतो आणि त्याचे वयही लवचीक बनते: संयुक्त राष्ट्रांच्या लेखी पंधरा ते चोवीस, भारताच्या २००३ च्या युवा धोरणात तेरा ते पस्तीस, २०१४ च्या धोरणात पंधरा ते एकोणतीस. पक्षांच्या युवक आघाड्यांतली वये इथे न मोजलेलीच बरी. आरोपी झाला तर तो ‘जुव्हेनाइल’. १८९९ मध्ये शिकागोत मुलांसाठी वेगळे न्यायालय सुरू झाले तेव्हा हा शब्द दयेचा होता. गुन्हेगार म्हणायचे टाळण्यासाठीच तो होता. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात एक आरोपी अल्पवयीन निघाला, त्यानंतर तो आपल्याकडे शिवीसारखा उच्चारला गेला. २०१५ च्या कायद्याने तो नावात ठेवला, पण मजकुरात त्याच्या जागी ‘चाइल्ड’ आणला. मराठी पोलीस टिपणात त्याचा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ झाला आहे. शब्द जड आहे, हवालदाराची जीभ अडखळते, पण त्यातला बालक कोणाला पुसता येत नाही. मला ही अडचण मान्य आहे.

उरतात गर्ल आणि बॉय, ज्यांना वयाची रेघ कधी नीट लागूच पडली नाही. १९१८ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी फ्रान्सच्या आघाडीवर टेलिफोनचे जाळे सांभाळणाऱ्या स्त्रियांना ‘हॅलो गर्ल्स’ म्हटले गेले. परतल्यावर त्यांना कळले की त्या सैनिक नव्हत्याच. तो दर्जा १९७७ मध्ये मिळाला, तेव्हा ज्या हयात होत्या त्या पार म्हाताऱ्या झाल्या होत्या. अमेरिकेच्या दक्षिणेत पन्नाशीच्या काळ्या माणसालाही बॉय म्हणत. फेब्रुवारी १९६८ मध्ये मेम्फिसचे सफाई कामगार संपावर गेले ते दोन सहकारी कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले म्हणून; त्या संपात त्यांनी छातीवर लावलेल्या फलकांवर पगाराची मागणी नव्हती, ‘मी माणूस आहे’ एवढेच होते, आणि माणूस म्हणजे तिथे बॉय नव्हे असा पुरुष. २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयालाही सांगावे लागले की, मागेपुढे विशेषण नसले तरी नुसता बॉय हा शब्द वंशद्वेषाचा पुरावा ठरू शकतो.

साहेबाने इकडेही तोच शब्द आणला. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात बॉयच्या नोंदीत दोन अर्थ आहेत: एक एतद्देशीय नोकर, दुसरा पालखी वाहणारा. दुसऱ्याचे मूळ कोशकारांनी दक्षिणी भाषांतल्या ‘बोयी’त शोधले आहे, आपला भोई तो हाच. इंग्रजांचा पोरगा आणि आपला भोई एका उच्चारात मिसळले, आणि खांद्यावर पालखी घेतलेल्या बाप्याला बॉय म्हणण्यात कोणालाच वावगे वाटले नाही. साहेब गेला, शब्द राहिला. ऑफिसबॉय, लिफ्टबॉय, डिलिव्हरी बॉय. या शेवटच्याला कंपन्या आता ‘पार्टनर’ म्हणतात. त्याने नोकरीचे हक्क मागू नयेत म्हणून, मान वाढावा म्हणून नव्हे, असे मला वाटते. आणि वॉर्डबॉय. सरकारी भरतीच्या जाहिरातीत त्याच्या पदाचे नाव ‘कक्षसेवक’ असे छापतात. वॉर्डात डॉक्टर सर असतो, परिचारिका सिस्टर असते, पुरुष परिचारक ब्रदर असतो. स्ट्रेचर ढकलणारा, निवृत्तीला दोन वर्षे उरलेला, नातवंडे असलेला गृहस्थ मात्र पेशंटच्या नातेवाइकांपासून मेट्रनपर्यंत सगळ्यांसाठी वॉर्डबॉयच असतो.