कांदा चालत नाही, हत्ती चालतो



लोणच्याच्या कैऱ्या फोडून झाल्या, शेवया वाळवून डब्यात गेल्या, आता जरा निवांत लिहायला बसले आहे. श्रीलंकेच्या सहलीचे फोटो टाकते असे जाताना म्हणाले होते. फोटो टाकणार नाही, त्याऐवजी एक भांडण मांडणार आहे. काहीजणींना राग येईल. त्यातल्या सातजणी माझ्याच मैत्रिणी आहेत आणि हे लिहिते आहे हे त्यांना आधी सांगितले आहे. चोरून लिहिलेले नाही.

आम्ही आठजणी, सगळ्या एकाच मंदिरातल्या. मुलांच्या परीक्षा संपल्या, घरचे म्हणाले जाऊन या. मुंबईहून अडीच तासांत कोलंबो. सहलवाल्यांच्या पत्रकावर सगळ्यात मोठ्या अक्षरात काय होते? डोंगर नाही, समुद्र नाही. ‘शंभर टक्के जैन भोजन, सूर्यास्तापूर्वी.’ त्या एका ओळीवर आम्ही पैसे भरले, मीही भरले.

आणि ती ओळ त्यांनी पाळली, हे आधी सांगते. तिथे मे महिन्यातही सूर्य साडेसहाच्या आतच मावळतो, म्हणजे आपल्यापेक्षा अर्धा तास लवकर. स्वयंपाकी महाराज रोज साडेपाचला ताटे वाढत. आमचे गाळणे, आमचे पीठ, आमची मुगाची डाळ. तिथल्या स्वयंपाकघरात ‘उंबलकड’ नावाचा पदार्थ असतो, वाळवलेल्या माशाचे तुकडे. नारळाच्या चटणीत, भाजीत, कशातही चवीला घालतात आणि घालणाऱ्याला त्यात मासा आहे असे वाटतही नाही, आपण हिंग घालतो तसे. म्हणून आमच्या ड्रायव्हरकडून मी सिंहली अक्षरांत एक चिठ्ठी लिहून घेतली: मासा नाही, अंडे नाही, कांदा-लसूण नाही, जमिनीखालचे काही नाही. प्रत्येक हॉटेलात ती चिठ्ठी आत जायची आणि थोरल्या काकू स्वतः आत जाऊन कढई पाहून यायच्या. कँडीत एकदा किरिबत, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, तिनदा विचारून मग खाल्ला. इतका गोड भात मी बाहेर कुठे खाल्ला नव्हता.

देश खरोखर सुंदर आहे. सिगिरियाचा तो एकटा उभा कडा, पाचव्या शतकात काश्यप राजाने ज्याच्या माथ्यावर महाल बांधला, त्याच्या पायऱ्या चढताना गुडघ्यांनी साथ सोडली तरी वर गेल्यावर सगळे विसरले. कँडीहून एल्लाला जाणारी रेल्वे तर विचारू नका. चहाचे मळे, ढग डब्यात येतात आणि दारात पाय सोडून बसलेल्या आमच्या मैत्रिणी शाळेतल्या मुली झालेल्या. (त्या मळ्यांत पाठीवर पिशव्या घेऊन पाने खुडणाऱ्या तमिळ बायांकडे आम्ही कितीदा पाहिले, तो हिशेब वेगळा आहे, पुन्हा कधीतरी.)

आता मुद्दा. हबरानाजवळ एक अर्धा दिवस मोकळा होता. ड्रायव्हरने दोन पर्याय दिले. एक, तासा-दीड तासाच्या वाटेवरचे अनुराधापूर. दोन, तिथेच जवळ हत्तीची सवारी.

मला अनुराधापूरला जायचे होते आणि त्याला कारण होते. महावंसात लिहिले आहे की पांडुकाभय राजाने अनुराधापुरात निगंठांसाठी, म्हणजे निर्ग्रंथ साधूंसाठी, निवासस्थाने बांधली. जोतिय, गिरी, कुंभंड अशी त्यांची नावेही दिली आहेत. पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वट्टगामणी अभय राजाने रागाने गिरी निगंठाचा मठ पाडला आणि तिथे बौद्ध विहार बांधला. राजाचे ‘अभय’ आणि आपल्या त्या मुनीचे ‘गिरी’ मिळून अभयगिरी. म्हणजे समुद्रापलीकडच्या त्या देशात आपल्या एका मुनीचे नाव दोन हजार वर्षे एका बौद्ध स्तूपाला चिकटून राहिले आहे. वाटेतच मिहिंतले. हरणाच्या मागे धावणाऱ्या राजाला महिंद थेरांनी जिथे थांबवले, असे तिथले लोक मानतात, ती टेकडी. मी हे सगळे बसमध्ये सांगितले. सगळ्यांनी ऐकले. मग हात वर केले. सात विरुद्ध एक.

मी हत्तीजवळ गेले, बसले मात्र नाही. ती हत्तीण होती. पाठीवर गादी आणि लोखंडी बैठक, पोटाखालून दोर, पायात साखळीचे कडे. माहुताच्या हातात हेंडुवा, म्हणजे अंकुश. मारले नाही त्याने, आमच्यासमोर तरी नाही, कानामागे नुसता टेकवला. त्या टेकवण्याने ती लगेच वळली. टेकवण्याने वळते म्हणजे पूर्वी कधीतरी टोचलेले आहे, हे कळायला पशुवैद्य व्हावे लागत नाही. चारचारजणी बसल्या, हसल्या, फोटो काढले. थोरल्या काकूंनी, ज्या कढई पाहून येतात त्याच काकूंनी, खाली उतरून तिला केळी दिली आणि णमोकार म्हटला.

मी शेडमध्ये ड्रायव्हरजवळ बसले होते. तो मला अक्का म्हणायचा. सिंहलीत मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, आपल्या सांगली-कोल्हापूरच्या घरांत म्हणतात तसेच. वैशाखी पौर्णिमा नुकतीच झाली होती. तिथे त्या दिवसांत मांसाची आणि दारूची दुकाने बंद असतात, रस्त्याच्या कडेला ‘दन्सल’ लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. त्याविषयीच बोलत होता. मग मोडक्या हिंदीत त्याने विचारले, “अक्का, तुम्ही बटाटासुद्धा खात नाही, त्यात जीव असतो म्हणून?” मी हो म्हणाले. त्याने हत्तिणीकडे पाहिले आणि गप्प बसला. टोमणा नव्हता तो. त्याला खरेच काही जुळत नव्हते.

मलाही जुळत नाही. आपण स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्र वाचतो ना? सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयवाला इजा करणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे, वेळेवर खाऊपिऊ न देणे. पुन्हा वाचा. या पाचांत कांदा कुठे आहे? कंदमुळांचा त्याग आपल्याकडे आहे, असायलाच हवा, मीही करते, त्याची थट्टा मी कधी खपवून घेतलेली नाही. पण व्रत नेमके कुठे मोडते हे सांगताना आचार्यांनी जे सांगितले ते सगळे पाळलेल्या, बांधलेल्या जनावराबद्दल म्हणता येईल असे आहे. बटाट्यातला जीव एकेंद्रिय. हत्तीण मनासहित पंचेंद्रिय. पार्श्वनाथांचा जीव मागच्या एका भवात हत्ती होता आणि त्या हत्तीने श्रावकाची व्रते घेतली, ही कथा आपण मुलांना सांगतो. व्रते घेऊ शकणाऱ्या जीवाच्या पाठीवर आपण तिकीट काढून बसतो आणि खाली उतरून विचारतो, पोळीला तूप कुठले?

मैत्रिणींची उत्तरेही लिहिते, नाहीतर अन्याय होईल. एक म्हणाली, माहुताच्या पोटावर पाय का द्यायचा? पोटाचा प्रश्न खरा आहे. पण हेच उत्तर खाटीकही देतो आणि तेव्हा आपण ते ऐकून घेत नाही. दुसरी म्हणाली, सरकारनेच परवानगी दिली आहे. दिली आहे. 2021 मध्ये तिथल्या सरकारने पाळीव हत्तींसाठी नियमही केले: कामाचे तास ठरवले, रोजची अंघोळ सक्तीची केली, कामावर माहुताने दारू पिऊ नये असेही लिहिले. नियमात जे लिहावे लागते ते आधी घडत असते. हत्तीची पिल्ले जंगलातून चोरून खोटी कागदपत्रे केल्याचे खटलेही त्याच देशात गाजले आहेत.

तिसरीचे बोलणे मला लागले. ती माझी शाळेपासूनची मैत्रीण. म्हणाली, “मग नांदणीच्या माधुरीसाठी तू का रडलीस? ती पण मठात बांधलेलीच होती की.”

हो, रडले. तीस वर्षांहून अधिक काळ मठात राहिलेली माधुरी गेल्या वर्षी जुलैमध्ये कोर्टाच्या आदेशाने गुजरातला नेली, तेव्हा आमच्या घरी त्या दिवशी चूल पेटवावीशी वाटली नाही. लहानपणी तिच्या सोंडेचा आशीर्वाद घेतलेला. तेव्हा मी म्हणाले होते, आपल्या माणसांत होती, प्रेमात होती. प्रेम खोटे नव्हते. पण मैत्रिणीने विचारल्यावर त्या पाच शब्दांपुढे मी आमचे प्रेम ठेवून पाहिले आणि पहिल्याच शब्दाला अडखळले. बंध. आता पंचकल्याणकाच्या मिरवणुकीत इंद्र-इंद्राणीला हत्तीवर बसवायचे की नाही, याचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. रथ आहे, लाकडी हत्ती करता येतो. माधुरीबद्दल विचाराल तर आजही घसा दाटतो, पण गेल्या वर्षी जेवढी ठाम होते तेवढी आज नाही.

हे सगळे हबरानाला झाले. पुढे चार दिवस बसमध्ये माझ्याशी जरा जपूनच बोलत होत्या. एल्लाहून खाली उतरताना उडवलवेला मी हट्ट धरला. तिथे 1995 पासून अनाथ हत्तीपिल्लांचे सरकारी केंद्र आहे. पिल्लांना दूध पाजतात ते लांबून, गॅलरीत बसून पाहायचे. हात लावायचा नाही, खाऊ घालायचा नाही. मोठी झाली की शेजारच्या अभयारण्यात सोडून देतात. दुधाची वेळ झाली तशी ती पिल्ले कान फडफडवत धावत सुटली आणि आमच्या आठहीजणी टाळ्या वाजवत उठल्या. त्या पाऊण तासात कोणाला पाठीवर बसावेसे वाटले नाही. मला वाटले, झाले, जिंकले मी.

म्हणून पुढचे सांगणे भाग आहे. शेवटच्या दिवशी नैर्ऋत्य किनाऱ्यावर एका ठिकाणी समुद्री कासवांची अंडी उबवतात, तिथे नेले. अंडी लोक खाऊन टाकतात, ती विकत घेऊन वाळूत पुरून पिल्ले काढतात, असे सांगितले. काम चांगले वाटले. टाक्यांत पिल्ले होती. त्यातले एक मी तळहातावर घेतले, फोटो काढला, पैसे भरून संध्याकाळी पाण्यात सोडले आणि जीवदया केली असे मनात म्हटले. घरी आल्यावर लेकीने सांगितले. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगात पहिल्या एक-दोन दिवसांपुरती धाव असते, किनाऱ्यापासून लांब खोल समुद्रात पोहोचायला. ती धाव ते टाकीच्या भिंतीला धडका देत संपवते, कारण आम्ही पाहुणे येईपर्यंत त्याला थांबवून ठेवलेले असते. म्हणजे मी त्याला सोडले नाही. माझ्यासाठी त्याला धरून ठेवले होते. त्या दिवशी सातजणींना फोन करून मी हे सांगितले. पाच जणींनी शांतपणे ऐकले. एक हसली, म्हणाली, “आता तू पण आमच्यात.” शाळेची मैत्रीण काही बोलली नाही, फोन ठेवला.

माझे भांडण मैत्रिणींशी कमी आणि त्या पत्रकाशी जास्त आहे. आपण बायकांनी मागितले म्हणून साडेपाचला ताट मिळते. परदेशात, डोंगरावर, आगगाडीत मिळते. पंचवीस वर्षांपूर्वी हेच मागितले तर लोक हसायचे. म्हणजे आपले ऐकतात, कारण आपण पैसे भरतो. मग त्याच पत्रकावर दुसरी ओळ का नाही मागायची? हत्ती नाही, उंटाची शर्यत नाही, माशांच्या टाकीत पाय घालून बसणे नाही, पिल्ले हातात देणे नाही. ‘शंभर टक्के जैन’ म्हणायचे तर शंभरातले किती टक्के ताटात संपतात, हे त्यांना आपणच विचारायला हवे.

मी सहलवाल्यांना पत्र पाठवले आहे. उत्तरात त्यांनी पुढच्या सहलीवर दहा टक्के सूट देऊ केली आहे, हत्तीबद्दल एक शब्द नाही.

पुढच्या अष्टमीला मंडळाची बैठक आहे, दिवाळीनंतरची सहल ठरवायची आहे. थोरल्या काकूंनी काल निरोप धाडला: ती सिंहली चिठ्ठी घेऊन ये आणि मागच्या बाजूला काय लिहायचे तेही लिहून आण.