गृहिणीचें दप्तर : रेडिएटरला झांकण हवें काय?

गेल्या महिन्यांत एका वयस्क भगिनीचें पत्र आमच्या हातीं आलें. त्या व त्यांचे यजमान हिवाळ्यापुरते इंग्लंडांत मुलाकडे राहावयास गेले आहेत. पत्रांतील मजकूर थोडक्यांत असा: "घर जुनें, विटांचें, पण नीटनेटकें आहे. प्रत्येक खोलींत भिंतीशीं एक रेडिएटर बसविलेला आहे. नातू दहा महिन्यांचा असून आतां धरून उभा राहूं लागला आहे. आणि धरावयास त्याला तोच तापलेला पत्रा सांपडतो! सूनबाई म्हणतात, सुंदरशी लांकडी पेटी करून तो झांकून टाकावा. चिरंजीव म्हणतात, झांकला कीं ऊब अडेल आणि इंधनाचें बिल मात्र वाढेल. आमचे 'हे' तर रेडिएटरला पाय टेकल्यावांचून वर्तमानपत्र उघडीत नाहींत. त्यांना पंधरा वर्षें मधुमेह आहे. घरांत रोज ह्यावरून बोलणें होतें. मीं कोणाच्या बाजूनें बोलावें?"

आज अनेक मराठी घरांतील एक पाती पुण्यास किंवा नाशकास, तर दुसरी लंडनास किंवा न्यूयॉर्कास, अशी स्थिति आहे. तेव्हां हा प्रश्न एकट्या ह्या भगिनीचा नव्हे. शिवाय येथें सूनबाई, चिरंजीव आणि आजी ह्या तिघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें खरें आहे. म्हणून निकाल देण्यापूर्वीं ही वस्तु काम कशी करते, तें आधीं समजून घेऊं.

रेडिएटर म्हणजे आंतून पोकळ असलेलें लोखंडाचें किंवा पोलादी पत्र्याचें पात्र. बॉयलरमध्यें तापलेलें पाणी नळांतून येऊन ह्या पात्रांत फिरतें व थंड होऊन परत जातें. त्याच्या शोधाचें श्रेय सामान्यतः रशियांतील सेंट पीटर्झबर्ग येथील कारखानदार फ्रान्झ सान-गाली ह्यांस देतात. काळ १८५५ च्या सुमाराचा. 'रेडिएटर' ह्या नांवाचा अर्थ किरण फेंकणारा असा होतो. परंतु नांवावर जाऊं नये. त्याची बरीचशी उष्णता किरणांनीं न येतां हवेच्या द्वारें खोलींत येते. पायथ्याची थंड हवा पत्र्याला लागून तापते, हलकी होऊन वर चढते, आणि तिच्या जागीं खालून दुसरी थंड हवा येते. आपल्या जुन्या वाड्यांतील चुलीवरचें धुराडें ज्या नियमानें चालत असे, तोच हा नियम.

हें एकदां ध्यानांत आलें कीं, चांगलें झांकण कोणतें आणि वाईट कोणतें हें ओळखणें कठीण राहात नाहीं. झांकणानें किरण अडणारच. त्यास इलाज नाहीं. परंतु हवेची वाट मोकळी ठेवणें आपल्या हातीं आहे. जें झांकण पायथ्याशीं सर्व रुंदीभर उघडें आहे, पुढून जाळीदार आहे, आणि ज्याच्या माथ्यावर किंवा माथ्यालगत पुढील बाजूस हवा बाहेर पडावयास रुंद फट आहे, तें एक प्रकारें धुराड्याचें काम करतें. त्यांत उष्णतेचा तोटा थोडा होतो. उलट, खालून जमिनीस टेकलेली, वरून सपाट फळीनें बंद केलेली आणि पुढें नक्षीचीं चार बारीक भोंकें पाडलेली पेटी दिसावयास कितीहि देखणी असली, तरी ती खोलीला थंड आणि भिंतीला गरम ठेवते. दुकानांत अशाच पेट्या पुष्कळ विकावयास असतात. तेव्हां रंग व नक्षी पाहण्यापूर्वीं खालून हात घालून वरून बाहेर हवा निघेल काय, एवढें पाहावें.

आतां खऱ्या भीतीकडे वळूं. बॉयलरचें पाणी पुष्कळ घरांत साठ ते सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याहूनहि वर तापविलेलें असतें, आणि रेडिएटरचा पत्रा जवळजवळ तितकाच तापतो. मोठें माणूस चटका बसतांच हात मागें घेतें. पण नुकतें उभें राहूं लागलेलें मूल हात सोडील तर पडेल, म्हणून तें अधिकच घट्ट धरतें. सुमारे ५१ अंशांचा उघडा धातु एक मिनिट अंगास लागून राहिला तरी त्वचा भाजूं शकते. दहा मिनिटें लागून राहिला तर ४८ अंशहि पुरेसे होतात. म्हणूनच ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेंत, जेथें दुर्बळ रुग्ण वावरतात तेथें, रेडिएटरच्या पृष्ठभागाची मर्यादा ४३ अंश ठरविलेली आहे.

ह्याच कारणानें आम्हांला नातवाइतकीच आजोबांची काळजी वाटते. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या पुष्कळांच्या पायांची संवेदना हळूहळू कमी होते. त्यांना ऊब सुखद वाटते, चटका मात्र कळत नाहीं. आणि अशा पायावरची लहानशी जखमहि लवकर भरून येत नाहीं. नातू निदान रडून सांगेल. आजोबा वर्तमानपत्र वाचीत बसतील. त्यांच्यासाठीं लोंकरीचे पायमोजे व मांडीवर शाल हीच खरी ऊब समजावी, खुर्ची रेडिएटरपासून दोन हात दूर ठेवावी, आणि रात्रीं पाय तपासण्याचें काम घरांतील कोणीतरी आपणाकडे घ्यावें.

म्हणून आमचें मत असें कीं, झांकण शोभेसाठीं घेऊं नये, माणसासाठीं घ्यावें. ज्या खोलींत मूल रांगतें, जेथें वृद्ध माणूस बसतें अथवा ज्याचा तोल जातो असें कोणी वावरतें, त्या खोलींत झांकण अवश्य बसवावें. बाकीच्या खोल्यांत रेडिएटर उघडाच बरा. घरांतील सर्वच्या सर्व रेडिएटर एकसारखे दिसावेत म्हणून झांकणें हा मात्र खर्चाचा आणि उबेचा दोहोंचाहि अपव्यय होय.

झांकण घेतांना पुढील गोष्टी पाहाव्यात. माप घेतांना केवळ पत्र्याची लांबी न घेतां दोन्ही टोकांच्या तोट्या धरून लांबी घ्यावी, आणि आंत चहूंबाजूंनीं चार बोटें तरी मोकळी जागा राहील असें पाहावें. भिंतीच्या पायथ्याशीं जी लांकडी पट्टी असते, तिची जाडी विसरूं नये. पेटी भिंतीस स्क्रूनें पक्की करावी; नाहींतर उभें राहणारें मूल ती अंगावर ओढून घ्यावयाचें. पुढची जाळी काढतां घालतां यावी, कारण रेडिएटरांत सांठलेली हवा किल्लीनें अधूनमधून सोडावी लागते व आंतील धूळहि झाडावी लागते. जाळीचीं भोंकें मुलाचें बोट आंत जाऊन पत्र्यास लागणार नाहीं इतकीं लहान, पण हवा खेळेल इतकीं दाट असावींत.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. रेडिएटरच्या तोटीवर बहुधा आपोआप उघडझांप करणारा थर्मोस्टॅट असतो. तो खोलीची हवा तापली कीं पाणी कमी करतो. परंतु तोच पेटीच्या आंत राहिला, तर त्याला पेटींतील गरम हवाच खोलीची हवा वाटते. खोली गारठलेली असतांनाच तो पाणी बंद करतो. "झांकण बसविलें आणि खोली तापेनाशी झाली" ह्या तक्रारीचें मूळ पुष्कळ वेळां येथें असतें. अशा वेळीं तोटी पेटीबाहेर राहील अशी रचना करावी, अथवा ज्याचा उष्णता ओळखणारा भाग दूर बाहेर लावतां येतो असा थर्मोस्टॅट घ्यावा.

चिरंजीवांच्या समाधानासाठीं आणखी एक युक्ति आहे. जुन्या विटांच्या घरांत रेडिएटर बाहेरच्या भिंतीवर असेल, तर त्याच्या मागें चकचकीत परावर्तक पत्रा लावावा; भिंतींतून बाहेर जाणारी कांहीं उष्णता त्यामुळें परत खोलींत येते. बॉयलरचें पाणी जरा कमी तापवून अधिक वेळ फिरविलें, तर पत्राहि कमी तापतो आणि नव्या पद्धतीचा बॉयलर इंधनहि कमी खातो. पाण्याची टाकी असलेल्या घरांत मात्र टाकींतील पाणी साठ अंशांपर्यंत तापणें रोगजंतूंच्या दृष्टीनें आवश्यक असतें. म्हणून हा बदल जाणत्या कारागिरास विचारूनच करावा. हल्लीं जीं घरें हीट पंपावर चालतात, त्यांतील पाणी पुष्कळच कोमट असतें. तेथें भाजण्याची भीति कमी आणि अडलेल्या उबेचें नुकसान अधिक. तेथें झांकणाचा विचार सहसा सोडूनच द्यावा.

ज्यांचीं मुलें न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत राहतात, त्यांच्यासाठीं दोन शब्द वेगळे. तेथें पुष्कळ ठिकाणीं पाण्याऐवजीं वाफ फिरते, आणि पत्रा शंभर अंशांच्या आसपास तापतो. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत, खिडक्या उघड्या ठेवूनहि खोली उबदार राहावी अशा बेतानें तिकडे मोठमोठे रेडिएटर बसविले गेले. त्यामुळें त्या घरांत थंडीपेक्षां उकाड्याचीच तक्रार अधिक ऐकूं येते. अशा घरांत झांकणानें थोडी ऊब अडली तर ती इष्टच म्हणावी, आणि मूल असेल तर झांकणावांचून एक दिवसहि काढूं नये. मात्र वाफेच्या रेडिएटरवरील हवा सोडणारें लहान तोंड मोकळें ठेवावें. आणि एकाच नळाची व्यवस्था असेल तर तोटी पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवावी, अर्धवट ठेवल्यास आंत पाणी सांचून ठणठणाट होतो. १९७८ पूर्वींच्या अमेरिकन घरांत जुन्या रंगांत शिसें असूं शकतें. तो रंग खरवडून काढण्याचा उद्योग घरच्या माणसांनीं मुळींच करूं नये. पोपडे निघत असतील तर घरमालकास कळवून जाणत्या माणसाकडून काम करून घ्यावें.

झांकण झालें कीं त्याच्या माथ्याची फळी रिकामी दिसते, आणि आपल्या हाताला रिकामी फळी पाहवत नाहीं. विरजणाचें भांडें तेथें ठेवावयास हरकत नाहीं. परदेशांतील पुष्कळ मराठी गृहिणी थंडींत दहीं अशाच उबेवर लावतात. परंतु देवापुढील निरांजन, तेलाची बाटली व औषधें तेथें नकोत. ओलीं दुपटीं वाळत घालून जाळी झांकूं नये. खोलींत दमटपणा वाढून भिंतीस बुरशी येते. पडदा झांकणावरून खालीं लोंबूं देऊं नये, आणि सोफा त्याला चिकटवून ठेवूं नये.

इतकी काळजी घेऊनहि कधीं चटका बसलाच, तर तूप, हळद, शाई किंवा दंतमंजन ह्यांपैकीं कांहींहि लावूं नये. भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखालीं वीस मिनिटें धरावा. बर्फ लावूं नये. मुलाचें बाकीचें अंग उबदार राहील असें पाहावें, आणि लहान मूल किंवा मधुमेही असेल तर चटका लहान दिसला तरी डॉक्टरांस दाखवावा.

आतां त्या भगिनीच्या प्रश्नाकडे परत येऊं. त्यांनीं कोणाचीच बाजू घेऊं नये. सूनबाईंच्या म्हणण्याप्रमाणें दिवाणखान्यांत आणि नातवाच्या खोलींत झांकण बसवावें. चिरंजीवांच्या म्हणण्याप्रमाणें तें वर-खालीं मोकळें असावें आणि इतर खोल्या उघड्या ठेवाव्यात. कारागीर येईपर्यंत नातू जागा असतांना त्या दोन खोल्यांतील तोट्या कमी करून ठेवाव्यात. आणि आजोबांचे पाय मात्र आजच्या आज तेथून उचलावेत. बाळंतिणीच्या खोलींतील शेगडी आणि न्हाणीघरांतील बंब ह्यांच्या जवळ मुलांना फिरकूं न देणाऱ्या आजीचा धाक आपल्या घरांत होताच. परदेशीं बंब भिंतीला जाऊन बसला आहे, एवढाच काय तो फरक.