जमीन कागदावरूनही जाते

वसाहतवाद म्हटलं की आपल्याला बंदुका आठवतात. पण अमेरिकेतल्या मूलनिवासींची जमीन कायद्याच्या कागदावरूनही गेली. १८८७ च्या डॉझ कायद्याने जमातींची सामाईक जमीन तुकडे पाडून वाटली आणि ‘उरलेली’ गोऱ्या वसाहतकारांना खुली केली. तेव्हा त्यांच्याकडे सुमारे १३.८ कोटी एकर जमीन होती. १९३४ मध्ये हे वाटप थांबलं तेव्हा जेमतेम ४.८ कोटी एकर उरली.

हाती राहिलेल्या तुकड्यांवरच्या तेलाचे, लाकडाचे, चराईचे पैसे सरकारनेच ‘विश्वस्त’ म्हणून सांभाळले, पण हिशेब नीट ठेवला नाही. ब्लॅकफीट जमातीच्या एलुईस कोबेल यांनी १९९६ मध्ये खटला भरला. २००९ मध्ये सरकारला ३.४ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली.

माझं रोजचं काम डेटाबेसचं आहे. नोंद कधीच आपोआप निष्पक्ष नसते. रकाने कोण आखतं आणि दुरुस्तीचा हक्क कुणाला असतो, यावर सगळं ठरतं. म्हणून दोस्तांनो, ‘जुन्या गोष्टी उकरू नका’ असं कुणी म्हणालं, तर आधी हिशेब मागा. कोबेल यांनी तेवढंच केलं होतं.