लेकीचा वाटा चुकवायला आदिलाबाद?

माझा मावसभाऊ नोकरीपुरता आदिलाबादला असतो. पैनगंगेकाठचा जिल्हा, मराठी सर्रास कानावर पडते. परवा त्याचा फोन आला, "इथं घर घेतोय. मृत्युपत्र करून सगळं पोराला देणार. आपला गोव्याचा कायदा इकडे चालत नाही!"

मंडळी, हा भ्रम आहे. १३ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : गोंयकाराची मालमत्ता देशात कुठेही असो, वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरणार. तो खटला मुंबईतल्या मालमत्तेचा होता. म्हणजे लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर अर्धं घर बायकोचं. आपल्या अर्ध्यातला अर्धा मुलांचा, त्यात लेकही आली. राहिला पाव हिस्सा, त्याचं मृत्युपत्र खुशाल करा!

आणि आदिलाबाद तेव्हा ज्यात होतं, त्या आंध्र प्रदेशाने १९८६ च्या कायद्यानेच अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः समान हक्क दिला. सगळ्या देशात मुलींना तसा हक्क मिळायला २००५ उजाडलं.

तेव्हा खरेदीखतात बायकोचं नाव घाला आणि त्याच आठवड्यात लेकीला समोर बसवून वाटणीचं बोला. समान नागरी कायद्याचा टेंभा जगापुढे मिरवायचा आणि घरात पळवाटा शोधायच्या, हे आता पुरे!