बोलीचे चित्रीकरण : कान आणि कात्री

बोलीभाषा व लोकसाहित्य यांचा प्रकल्प करणारे अनेक विद्यार्थी आज वहीसोबत कॅमेराही नेतात. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र बोलीचे चित्रीकरण हा प्रथम भाषिक पुरावा असतो आणि सुंदर चित्रफीत ही त्यानंतरची बाब, हे भान सुटले तर उत्तम कॅमेऱ्यानेही बोलीची हानी होते, असे माझे मत आहे.

२००८ साली निकॉन डी-९० आणि कॅनन ५डी मार्क २ हे कॅमेरे बाजारात आले आणि छायाचित्रे काढण्याच्या डीएसएलआर कॅमेऱ्याने चलच्चित्रणही शक्य झाले. मोठा सेन्सर आणि बदलता येणारी भिंगे यांमुळे चेहरा रेखीव आणि मागचे सारे पुसट, असे चित्रपटासारखे दृश्य सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. मोहाची सुरुवातही येथूनच झाली.

बोलीच्या अभ्यासाला कॅमेरा मुळात कशासाठी हवा? अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात कुडाळीसारख्या बोलींची वर्णने प्रसिद्ध केली, ती ग्रंथरूपाने. लिपीतून उच्चार कळतो, ध्वनिमुद्रणातून सूर कळतो. परंतु ‘एवढं पोरगं होतं’, ‘असं वळायचं’, ‘त्या अंगाला गेला’ या वाक्यांतील ‘एवढं’, ‘असं’ आणि ‘त्या’ यांचा नेमका अर्थ बोलणाऱ्याच्या हातात असतो. दर्शक शब्दांचा हा अर्थ केवळ दृश्यच टिपू शकते. आता एफ/१.८ इतके अ‍ॅपर्चर उघडून आजीचा चेहरा जवळून टिपला, तर हात चौकटीबाहेर जातात किंवा पुसट होतात. चित्र देखणे होते. ‘एवढं’ म्हणजे केवढे, हे मात्र कळत नाही. म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवावा, कंबरेपासून वरचा भाग हातांसह चौकटीत घ्यावा आणि उजेड पुरेसा असल्यास अ‍ॅपर्चर एफ/५.६ किंवा एफ/८ ठेवावे. आपल्याकडील वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने सेकंदाला २५ चित्रचौकटी व १/५० सेकंद शटर ठेवले, तर ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र लुकलुकत नाही. तांत्रिक बाजूचे एवढे ज्ञान आरंभाला पुरते.

खरी कसोटी आवाजाची असते. कॅमेऱ्यातील अंगभूत मायक्रोफोन वक्त्यापासून दूर असतो. भिंगाच्या मोटरची घरघर आणि हाताचा स्पर्शही तो टिपतो. शिवाय आवाजाची पातळी स्वयंचलित ठेवली, तर वक्ता थांबताच यंत्र संवेदनक्षमता वाढवते आणि त्या शांततेत पंख्याचा आवाज फुगून येतो. म्हणजे वक्त्याचे मौनही जसेच्या तसे उरत नाही. ‘चमचा’तील आणि ‘चहा’तील ‘च’ यांचा फरक ज्या सूक्ष्म घर्षणावर अवलंबून आहे, ते घर्षण दूरच्या मायक्रोफोनला नीट पकडता येत नाही. त्यामुळे वक्त्याच्या जवळ लहान मायक्रोफोन व स्वतंत्र ध्वनिमुद्रक असावा. ४८ किलोहर्ट्झची, संक्षेपित न केलेली ध्वनिफाईल घ्यावी. आरंभी कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी. संकलनाच्या वेळी त्या टाळीवरून चित्र व ध्वनी जुळवता येतात. अनेक डीएसएलआर कॅमेरे एका सलग चित्रणात अर्ध्या तासाच्या आत थांबतात. कहाणी त्यांच्यासाठी थांबत नाही. ध्वनिमुद्रक चालू असला तर ती तुटत नाही.

यानंतर येते संकलन, आणि माझा मुख्य आक्षेप येथे आहे. ‘मग’, ‘बरं का’, अडखळणे, पुनरुक्ती आणि विराम हे कापून कथन ‘स्वच्छ’ करण्याची सवय आता रूढ झाली आहे. परंतु कहाणी सांगणारी व्यक्ती थांबते, तेव्हा ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. हुंकार हा कथनाचाच घटक आहे. तो कापला की दोघांचा व्यवहार एकाचे भाषण होऊन जातो. ओवी जात्यावर गाइली जात असेल, तर जात्याची घरघर ही तिची लय असते. गोंगाट समजून संगणकाने ती पुसली, तर ओवीखालची जमीनच काढून घेतली जाते. उपशीर्षकांतही हेच घडते. वक्त्याने ‘म्या म्हनलं’ म्हटले असता खाली ‘मी म्हणालो’ असे लिहिणे म्हणजे सुधारणेच्या नावाखाली साक्ष बदलणे होय.

यावर असे म्हटले जाईल की, दीड तासाचे अखंड चित्रण कोण पाहणार? प्रश्न रास्त आहे आणि संकलनाला माझा विरोध नाही. मूळ चित्रण व ध्वनी यांची अखंड प्रत दोन ठिकाणी जतन करावी. तिच्यावर दिनांक, गाव आणि संमतीची नोंद असावी. दहा मिनिटांची संकलित फीत निराळी करावी आणि कोठे कात्री लावली, हे तिच्यात स्पष्ट दाखवावे. ती सार्वजनिक करण्यापूर्वी वक्त्याला दाखवावी. कोणते वाक्य राहावे, हे ठरवण्याचा पहिला अधिकार ते बोलणाऱ्याचा आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. इतका मोठा ठेवा पुढच्या पिढ्यांना पुन्हा अभ्यासता येतो, तो मूळ सामग्री जपली गेल्यामुळेच.

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांजवळ या कामासाठी एक मोठे भांडवल आहे. आपल्यापैकी अनेक जण बोलीच्या घरातच राहतात. वक्त्याला परके वाटत नाहीत. डीएसएलआर नसेल तर मोबाइल चालेल, कारण वरील तत्त्वे दोन्हींना सारखीच लागू होतात. घाई मात्र हवी. ज्यांच्या तोंडी ही बोली जुन्या रूपात आहे, ती पिढी वृद्ध झाली आहे. कॅमेरा पुढच्या वर्षी अधिक चांगला मिळेल. ती माणसे भेटतीलच, याची शाश्वती नाही.